हुक कुठे लागला ते बघा, सेटअप विचित्र आहे की नाही ते नंतर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, आणि तुम्ही एवढं मनापासून लिहिलंय म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या नद्यांत काठावरून सॅल्मन पकडायला फ्लोट (तरंगतं बूच) आणि गाबोळी नाहीतर साधा स्पिनर (फिरत्या पात्याचं बनावट आमिष) एवढं पुरतं, मी माझ्या पोस्टमध्ये लिहिलेले फ्लोट-डॉगिंग, पाणी भरलेला बबल आणि काठावरून साइड प्लेनर हे प्रकार नवीन पोरांना भरकटवतात, लांब लीडर (मुख्य लाईन आणि हुक यांच्यामधला दोरीचा तुकडा) म्हणजे दुसऱ्या नावाने फ्लॉसिंगच आहे, शेजारच्याच्या लाईनमध्ये गुंता होतो, आणि जो मासा आधीच संकटात आहे त्याच्यावर प्रयोग कशाला. शिवाय लहानपणी कोकणात खडपावर बसून तुम्ही काठी-दोरीने गरवलंय आणि तिथे कोणी असले लाड करत नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

सगळ्यात गंभीर आरोप फ्लॉसिंगचा आहे म्हणून तिथूनच सुरू करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सॉकाय (कोहो, चिनूक, पिंक यांच्यासारखीच सॅल्मनची एक जात) नदीत शिरला की आमिषाला क्वचितच तोंड लावतो, पण श्वास घेताना तोंडाची उघडझाप चालूच असते, मग कॅनडातल्या फ्रेझर नदीवर काही लोक १० फूट किंवा त्याहून लांब लीडर लावून तळाला वजन आपटत नेतात, तो लीडर करंटमध्ये आडवा वाहतो, उघड्या तोंडातून सरकत जातो आणि शेवटी हुक बाहेरच्या बाजूने गालाला लागतो. मासा चावलेला नसतो. माशाने हुक स्वतःहून तोंडात घ्यायला हवा, तसं नसेल तर ते स्नॅगिंग, म्हणजे माशाला नुसतं हुकात अडकवणं, आणि हे मला कोणत्याही बॅग लिमिटपेक्षा (दिवसाला किती मासे ठेवता येतात त्या मर्यादेपेक्षा) महत्त्वाचं वाटतं. पण दादा, मी फ्लोट-डॉगिंगला लीडर २ ते ३ फूट लिहिलाय, १० नाही. आणि त्याच पोस्टमध्ये लिहिलंय की मासा काठाशी आला की आधी हुक कुठे आहे ते बघा, जबड्याच्या कोपऱ्यात आतून असेल तर त्याने घेतलाय, आणि बाहेरून आत गेल्यासारखा पुन्हा पुन्हा दिसत असेल तर लीडर कमी करा, तरी तेच होत असेल तर ती पद्धत त्या जागी सोडून द्या, कितीही मासे लागत असले तरी. माझ्यासाठी प्रयोग फसला की जमला हे त्यावर ठरतं, बादलीत किती पडले त्यावर नाही. हीच कसोटी तुमच्या नेहमीच्या फ्लोटलाही लावून बघा, कारण उथळ पाण्यात पिंकची दाटी झाली की अगदी साध्या सेटअपलाही मासे पोटाला, पंखाला अडकतात, आणि त्या गर्दीत कोणाला त्याचं काही वाटत नाही.

आता मुळात हे प्रकार कशाला. नदीचं पाणी वरून खालपर्यंत एका वेगाने जात नाही, तळाशी दगडगोट्यांच्या घर्षणाने ते हळू होतं, आणि सॅल्मन वर चढताना बहुतेक वेळ त्या हळू पाण्यातच तळाजवळ थांबतो. आपला फ्लोट मात्र पृष्ठभागाच्या वेगाने पळतो आणि खालच्या आमिषाला ओढत नेतो, म्हणजे माशाच्या नाकासमोरून वस्तू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जोरात जाते. ब्रिटिश कोलंबियात लोक सेंटरपिन रील (मोकळं फिरणारं चक्र) घेऊन फ्लोट हळूच मागे धरत नेतात ते यासाठीच, आणि ते रील मूळचं इंग्लंडातलं, नॉटिंगहॅमकडचं, तिकडच्या वेगळ्याच माशांसाठीचं. म्हणजे आज तिकडच्या कॅनडातल्या वेडर नदीवर जे अगदी रुळलेलं वाटतं तेही कोणीतरी दुसरीकडून उचलून तिथे लावून बघितलेलंच आहे. साध्या स्पिनिंग रीलवर तसं मागे धरणं सहज जमत नाही, तिथे फ्लोट-डॉगिंग उपयोगी पडतं. फ्लोट लाईनवर किती वर थांबेल ते ठरवणारा स्टॉपर काढायचा किंवा खोलीपेक्षा बराच वर सरकवायचा, वजन तळाला हलकं घासत राहील एवढंच ठेवायचं, फ्लोट पुढे आणि वजन थोडं मागे अशी तिरकी लाईन होते, आणि घासणाऱ्या वजनामुळे सगळंच पृष्ठभागापेक्षा हळू चालतं. वजन जास्त झालं तर दगडात बसतं, कमी झालं तर परत साधा फ्लोट होतो, त्यामुळे प्रत्येक जागी थोडं जुळवावं लागतं. मेनलाईनला मी ब्रेड (विणलेली लाईन) सांगितली तीही फॅशन म्हणून नाही, ब्रेडच्या पॉलिथिलीनची घनता ०.९७ च्या आसपास म्हणजे ती तरंगते, नायलॉनची १.१४, फ्लोरोकार्बनची १.७८, ती बुडतात. बुडालेल्या लाईनचा पोटासारखा बाक करंटमध्ये तयार झाला की फ्लोट ओढला जातो आणि ड्रिफ्ट संपतो, तरंगणारी लाईन उचलून वरच्या बाजूला टाकता येते. लीडर मात्र फ्लोरोकार्बन चालतो कारण तो खालीच हवा असतो.

बबलचं वेगळं आहे. सप्टेंबरात बऱ्याचदा पाऊस नसतो, पाणी काचेसारखं असतं, आणि कोहो अशा संथ जागी येऊन थांबतात जिथे करंट जवळपास नसतो. तिथे फ्लोट ड्रिफ्टच होत नाही आणि जड स्पिनर धप्पकन पडला की अख्खा थवा सरकतो. फ्लाय (पिसं-दोऱ्याची बनावट माशी) हलकी असल्याने स्पिनिंग रॉडने फेकता येत नाही, म्हणून पारदर्शक बबलमध्ये, म्हणजे पोकळ फ्लोटमध्ये, अर्धं पाणी भरायचं, त्याच्या वजनाने ३-४ फुटांचा लीडर आणि छोटी फ्लाय किंवा मॅराबूचा (मऊ पिसांचा) हलका जिग (वजनदार डोक्याचा हुक) लांब जातो, माशांच्या पलीकडे टाकून हळू ओढायचं, मध्येच थांबायचं. कोहोला हलणाऱ्या वस्तूचा राग येतो की जुनी खायची सवय उसळते यावर काठावर वाद चालू असतात, पण नदीत आल्यावर सॅल्मनचं खाणं बंद होत जातं आणि तरी कोहो पाठलाग करून तोंड मारतो, हे बघितलेलं कोणीही नाकारणार नाही. असा घेतलेला हुक तोंडाच्या आतच मिळतो. आणि गाबोळी पुरते म्हणता तर ज्या पट्ट्यात सिलेक्टिव्ह गिअरचा नियम असतो तिथे आमिषच चालत नाही, फक्त लुअर (बनावट आमिष) आणि टोकाजवळ उलटा काटा नसलेला एकेरी हुक, मग नवीन पोराने तिथे काय करायचं हे कोणीतरी सांगायला नको का?

प्लेनरच्या बाबतीत मात्र तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि ती मी आणखी जोर देऊन सांगतो. साइड प्लेनर करंटच्या दाबाने काठापासून लांब सरकतो आणि प्लगला (माशाच्या आकाराच्या लुअरला) पलीकडच्या सीमपर्यंत, म्हणजे हळू आणि जोरदार पाण्याच्या मधल्या पट्ट्यापर्यंत, नेतो, जिथे एरवी फक्त बोटीतूनच पोचता येतं, मासा लागला की क्लिप सुटते आणि प्लेनर लाईनवर मोकळा सरकतो, खाली मण्याने अडवलेला. ज्याच्याकडे बोट नाही त्याच्यासाठी हे फार मोठं दार उघडतं. पण ती लाईन पाण्यावर लांब तिरकी पसरते, म्हणून खालच्या बाजूला कोणीही उभं नसेल तेव्हाच. पिंकच्या वर्षात, म्हणजे विषम सालात, मन्रो आणि सुलतान या गावांच्या आसपास स्कायकोमिश नदीवर लोक खांद्याला खांदा लावून उभे असतात, तिथे सगळ्यांनी एकाच लयीत टाकायचं आणि एकाच लयीत काढायचं, तिथे वेगळं काही काढणं म्हणजे दहा जणांचा दिवस घालवणं. प्रयोग करायची जागा म्हणजे मंगळवारची दुपार आणि पायवाट संपल्यावरचा पुढचा वाकण.

संकटातल्या माशावर प्रयोग कशाला हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, कारण मला त्याची खरंच काळजी आहे. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरच्या प्युजेट साउंड खाडीचा चिनूक १९९९ पासून आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट) २००७ पासून अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याखाली धोक्यातल्या यादीत आहेत, आणि कोहोच्या मागे असताना जंगली चिनूक लागू शकतो हे गृहीत धरूनच काठावर उतरावं. पण माशाला इजा होते ती कशाने? बारीक लीडरवर अर्धा तास खेळवल्याने, कोरड्या दगडांवर फोटोसाठी आपटल्याने, पाणी १८-२० अंश सेल्सियसच्या वर गेलेलं असतानाही आपण थांबत नाही म्हणून. यातलं काहीही विचित्र सेटअपमुळे होत नाही, रुळलेल्या सेटअपवरही रोज होतं. म्हणून मी हलक्या टॅकलचा प्रयोग कधीच सांगत नाही, कोहोला लीडर १२-१५ पौंड, चिनूक असू शकतो तिथे २० च्या वर, नियम नसला तरी हुकचा उलटा काटा पक्कडने दाबलेला, आणि पाठीवरचा छोटा अॅडिपोज पंख शाबूत असलेला मासा, जो बहुधा हॅचरीतला नसून जंगलीच असतो, पाण्याबाहेर न काढता तिथल्या तिथे सोडायचा. नियम नदीनिहाय आणि महिन्यानिहाय बदलतात, मध्येच तातडीचे बदलही येतात, त्यामुळे निघण्याआधी राज्याच्या मत्स्य खात्याच्या नियमांत तो पट्टा बघा, माझ्या किंवा कोणाच्याही लिहिण्यावर जाऊ नका.

नवीन माणसाने पहिला सीझन फ्लोट आणि गाबोळीवरच काढावा हे तुमचं मत मलाही मान्य आहे, पाणी वाचायला त्याच्याइतकं चांगलं शिक्षण नाही. पण त्याला पाणी वाचता येऊ लागलं की त्याचा सेटअप बदलणारच, आणि तो बदलावाच. कोकणाचं म्हणाल तर खडपावर गरवणारी जी माणसं मी रत्नागिरीकडे बघितलीत ती भरती-ओहोटी आणि लाट बघून शिसं बदलतात, दोरी बदलतात, आमिष अडकवायची तऱ्हा बदलतात, फक्त त्याला प्रयोग म्हणत नाहीत. आणि तुम्ही स्वतः कोलंबिया नदीवर प्लंकिंगला (जड वजनाने आमिष तळाशी एका जागी धरून बसायच्या पद्धतीला) स्पिन-एन-ग्लो लावता असं लिहिलंय, म्हणजे पंख असलेला, तरंगणारा, एका जागी गरगर फिरणारा रंगीत गोळा, कोणत्याही खऱ्या जीवासारखा न दिसणारा. तो पहिल्यांदा बघून शेजारचा काय म्हणाला असेल?

पोस्ट काढणार नाही. प्लेनरच्या भागात गर्दीबद्दलचं वाक्य वर आणलंय आणि हुक कुठे लागला ते तपासायचा परिच्छेद आता अगदी सुरुवातीला घेतलाय, तुमच्या प्रतिक्रियेमुळेच. एक विचारायचं होतं, कोलंबियाच्या त्या जोरदार पाण्यात स्पिन-एन-ग्लोपासून स्विव्हलपर्यंत (फिरत्या कडीपर्यंत) तुम्ही लीडर किती ठेवता, आणि वजनाचा ड्रॉपर (वजन बांधलेली वेगळी दोरी) त्याच्यापेक्षा आखूड की लांब? स्नोहोमिश नदीच्या खालच्या भागात, भरतीचं पाणी उलटं येतं तिथे, मला ते लावून बघायचंय.