सत्तावीस रकाने आणि एक नळ

महाविद्यालय निवडायचे तर ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे मला एकाच आठवड्यात चार निरनिराळ्या माणसांनी बजावले, आणि त्या चौघांपैकी एकानेही आपले महाविद्यालय प्रवेशाआधी पाहिलेले नव्हते, ही माहिती मला सगळे पाहून झाल्यावर मिळाली. तोपर्यंत मी आणि बाबा आठ महाविद्यालये पायी हिंडलो होतो, बाबांच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता आणि माझ्या संगणकावरच्या तक्त्याला सत्तावीस रकाने झाले होते.

सुरुवात सातच रकान्यांनी झाली होती: शुल्क, अभ्यासक्रम, प्राध्यापक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि नोकऱ्या. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, बेरीज करायची आणि जिथे बेरीज मोठी तिथे जायचे, इतका सरळ हिशेब होता. पहिल्याच महाविद्यालयाच्या फाटकातून बाहेर पडताना माझ्या लक्षात आले की ‘प्राध्यापक’ या रकान्यात मी सहा गुण देऊन बसले आहे आणि प्राध्यापक मात्र एकही पाहिलेला नाही. सहा गुण कशाचे, तर त्यांची छायाचित्रे भिंतीवर एका रेषेत टांगलेली होती, त्याचे.

पाहुण्यांना हिंडवण्याचे काम बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या उत्साही विद्यार्थ्याकडे सोपवलेले असते आणि त्याला उलटे चालता येते. आमच्याकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून तो पायऱ्या, खांब आणि सायकली चुकवत, एकदाही मागे न पाहता, संस्थेचा इतिहास सांगत जातो. हे कसब इतके मोहून टाकणारे असते की तो इतिहास कोणाच्याही डोक्यात शिरत नाही. एका ठिकाणी तर मी पाऊण तास केवळ तो पडतो कधी याचीच वाट पाहत होते. (तो पडला नाही. ‘शिस्त’ हा आठवा रकाना त्याच्यासाठी उघडला आणि त्यात नऊ गुण भरले.) ‘आमचे ग्रंथालय चोवीस तास उघडे असते’ हे वाक्य मी आठपैकी सहा ठिकाणी ऐकले. त्यांतील दोन ठिकाणी ते कुलूप लावलेल्या दाराकडे पाठ करून उच्चारले गेले, आणि उलटे चालण्याचा खरा उपयोग तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आला.

या घोळक्यांत एक पालक हमखास असे असतात की ते प्रश्न विचारत नाहीत, तर प्रश्नाच्या रूपाने आपल्या मुलाचा परिचय करून देतात. ‘गणितात जो कायम पहिला येत आला आहे, त्याला इथे कंटाळा तर येणार नाही ना?’ असे ते विचारतात, आणि तो कायम पहिला येणारा त्या वेळी दहा पावले मागे, आपण यांना ओळखतच नाही अशा चेहऱ्याने, अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचत असतो. माझी अडचण निराळी होती. बाबा कोणालाच काही विचारत नसत. ते प्रत्येक वसतिगृहात शिरून सर्वांत वरच्या मजल्यावर जात, तिथला नळ पूर्ण सोडत आणि मान किंचित कलती करून पाण्याचा आवाज ऐकत. खाली आल्यावर ते फक्त ‘बरा आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणत. मी संशोधन, शिष्यवृत्ती, ग्रंथसंख्या असे मोठमोठे शब्द लिहून आणलेले असताना त्यांनी एवढ्याशा तोटीवर भरवसा ठेवावा, याची मला पहिल्या चार ठिकाणी लाज वाटली.

माहितीपुस्तिकांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. आठही पुस्तिकांवर एका झाडाखाली बसलेले तीन विद्यार्थी होते, मधल्याच्या मांडीवर उघडे पुस्तक होते आणि तिघेही त्या पुस्तकाकडे पाहून हसत होते. ते झाड शोधणे हा माझा छंद होऊन बसला. दोन ठिकाणी ते सापडले, पण त्याच्याखाली वाहनतळ होता. चित्रावर किती विसंबावे याला अर्थात जुने दाखले आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने आपल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सामना पाहणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गर्दीत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा संगणकाने चिकटवल्याचे २००० साली उघडकीस आले आणि विद्यापीठाला क्षमा मागावी लागली. त्यामानाने झाडाच्या जागी वाहनतळ निघणे म्हणजे सचोटीच म्हणायची.

आकडे तरी चित्रांसारखे दगा देणार नाहीत, अशी माझी समजूत होती. एका पुस्तिकेत ‘सरासरी वर्ग : ३० विद्यार्थी’ असे छापले होते, आणि आम्ही ज्या एकमेव वर्गाच्या दारातून डोकावलो त्यात पाठीमागची मुले खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली होती. घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. समजा, एका महाविद्यालयात दहा वर्ग आहेत, त्यांतील नऊ वर्गांत प्रत्येकी १० विद्यार्थी आहेत आणि दहाव्यात २१०. संस्था ३०० विद्यार्थ्यांना दहाने भागते, ३० छापते आणि त्यात खोटे काहीच नसते. पण त्याच विद्यार्थ्यांना एकेकाला गाठून ‘तुझ्या वर्गात किती जण आहेत?’ असे विचारले, तर ९० जण १० म्हणतात, २१० जण २१० म्हणतात आणि उत्तरांची सरासरी १५० निघते. दोन्ही आकडे खरेच असतात. फरक इतकाच की पहिला खुर्चीत बसून काढलेला असतो आणि दुसरा खिडकीच्या कट्ट्यावर बसून.

क्रमवारीचेही तेच. कोलंबिया विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ साली आपल्याच विद्यापीठाने क्रमवारीसाठी पुरवलेले आकडे, त्यांत लहान वर्गांचे प्रमाणही आले, जाहीरपणे तपासून त्यांवर प्रश्नचिन्ह लावले, आणि त्याच वर्षी ‘यू. एस. न्यूज’ या अमेरिकी प्रकाशनाच्या विद्यापीठांच्या यादीत ते विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर उतरले. इमारती होत्या तिथेच होत्या आणि प्राध्यापकही तेच होते. मला मात्र यात आश्चर्य वाटण्याचा अधिकार उरला नव्हता, कारण माझ्या तक्त्यात एक महाविद्यालय मी चावणारे बूट बदलल्यानंतर पाचव्यावरून दुसऱ्यावर आले होते.

बुटांवरून आभाळाकडे वळते. उरी सायमनसन या संशोधकाचा एक निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. अभ्यासासाठी नावाजलेल्या, पण करमणुकीच्या बाबतीत कोरड्या असलेल्या एका विद्यापीठाला भेट देऊन गेलेल्या १,२८४ विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यांनी हवामानाशी ताडून पाहिल्या. भेटीच्या दिवशी आभाळ जितके भरलेले, तितकी तिथे प्रवेश घेण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. ढगांचे प्रमाण एका प्रमाण विचलनाने, म्हणजे दिवसादिवसांत एरवी पडतो साधारण तेवढ्या फरकाने, वाढले की ती शक्यता नऊ टक्केबिंदूंनी वाढत होती. कुंद दिवशी बाहेर हुंदडावेसे वाटत नाही, त्यामुळे अभ्यासाचे ओझे वाहायला मन राजी होते, असा त्याचा अर्थ लावता येतो. हे वाचून मी जुन्या भेटींच्या तारखा काढल्या, प्रत्येक दिवसाचे हवामान शोधले आणि ‘आभाळ’ हा सव्विसावा रकाना भरला. ज्या दुसऱ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने मी भारावून गेले होते, तिथे त्या दिवशी सकाळपासून काळोखी दाटली होती. आता मला प्रयोगशाळा आवडली की ढग, हे सांगणारा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो.

मग मी गणिताला शरण गेले. एकामागून एक पर्याय समोर येत असतील आणि मागे वळता येत नसेल, तर पहिले सुमारे ३७ टक्के पर्याय केवळ पाहून सोडून द्यावेत आणि नंतर त्या सर्वांहून सरस असा जो पहिला भेटेल तो पत्करावा, असा एक सिद्ध नियम आहे. आठ महाविद्यालयांत हे प्रमाण तीन होते.

“म्हणजे पहिली तीन सोडूनच द्यायची होती?” बाबांनी विचारले.

“पाहून सोडायची होती, बाबा.”

“तळ तिसऱ्या ठिकाणी सुटला,” बाबा बुटाकडे पाहत म्हणाले.

शिवाय तक्त्याप्रमाणे सर्वांत सरस ठरत होते ते दुसरे महाविद्यालय, म्हणजे सोडायच्या तिघांतले. अशा वेळी त्याहून सरस काही भेटतच नाही आणि नियम माणसाला मुकाट्याने शेवटच्या दाराशी नेऊन उभे करतो. महाविद्यालयही आपल्याला नाकारू शकते, याची तर या नियमात दखलच नाही.

ते शेवटचे दार आठव्या महाविद्यालयाचे होते. तिथे उलटे चालणारा आजारी होता, म्हणून आम्ही आपले आपण हिंडलो. जिन्यात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी वही घेऊन बसली होती. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, असे मी सवयीने विचारले. “दहा. पण साडेनऊलाच दिवे मालवायला लागतात,” ती म्हणाली. साऱ्या हिंडण्यात मला मिळालेले हे पहिले असे उत्तर होते की जे कोणत्याही पुस्तिकेत छापता आले नसते. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. सभागृहाच्या पाचव्या रांगेवर छत गळते, संख्याशास्त्राचा तास भल्या सकाळी असूनही त्याला जागा मिळत नाही, कारण शिकवणाऱ्या बाई प्रश्न विचारणाऱ्याला मूर्ख ठरवत नाहीत, आणि कार्यालयात दुपारनंतर गेल्यास काम होत नाही, हे सारे तिने वहीतून मान वर न काढता सांगितले. “इथे यावे का?” असे मी शेवटी विचारले, तेव्हा तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “ते मला काय माहीत? मी दुसरीकडे कुठे गेलेच नाही.” इतक्यात बाबा वरून खाली आले. त्यांची बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि चेहरा उजळला होता.

शेवटचा उपाय म्हणून मी अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनची रीत वापरली. जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञ मित्राला १७७२ साली लिहिलेल्या पत्रात त्याने सल्ला दिला होता की कागदाचे दोन भाग करावेत, एका बाजूला अनुकूल आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी लिहीत जावीत, आणि सारख्या वजनाची कारणे समोरासमोर खोडत जावे. वेळप्रसंगी दोन कारणांच्या बदल्यात तीन. मी दुसरे आणि आठवे महाविद्यालय समोरासमोर मांडले. प्रयोगशाळा ढगांमुळे अर्धीच धरली. ती अर्धी प्रयोगशाळा आणि वाहनतळात हरवलेले झाड यांच्या बदल्यात मी गळके छत खोडले. दोन्हीकडची शुल्के एकमेकांत गेली, नोकऱ्यांचे आकडे दोन्हीकडे सारखेच फुगलेले असल्यामुळे तेही गेले, आणि चौथ्या दिवशी रात्री कागदावर आठव्याच्या बाजूला दोनच गोष्टी खोडायच्या राहिल्या : जिन्यातील मुलगी आणि नळ. ती मुलगी त्याच वर्षी उत्तीर्ण होऊन जाणार होती. मी तिलाही खोडले.

आठव्या महाविद्यालयाचा अर्ज भरायला आम्ही दोघे एकत्र बसलो. नाव, गुण आणि पत्ता झाल्यावर ‘आमची संस्था का निवडली?’ असा प्रश्न आला आणि त्याखाली चार पर्याय होते : क्रमवारी, नामवंत प्राध्यापक, ओळखीच्यांची शिफारस, इतर. मी ‘इतर’वर टिचकी मारली, तर ‘थोडक्यात स्पष्ट करा’ अशी एक अरुंद चौकट उघडली. मी सत्तावीस रकान्यांचे सार दोन वाक्यांत बसवून लिहिले. चौकटीने ते लांबीमुळे नाकारले. एका वाक्यात लिहिले, तेही नाकारले. मग बाबांनी चष्मा चढवला, कळफलक आपल्याकडे ओढला, एका बोटाने दोन अक्षरे टंकित केली आणि अर्ज पुढे सरकला.