"मी पाप केले आहे" असे म्हणून झाल्यावर

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की आमच्या मंडळीत दावीद राजाच्या पश्चात्तापाचे 51वे स्तोत्र म्हटले जाते आणि त्याच्या आगेमागे एखाद्या रविवारी त्या राजावर उपदेश होतो. यंदाच्या उपदेशात एक वाक्य आले, "बथशेबेने उघड्यावर स्नान केले नसते, तर राजाचे पतन झाले नसते," आणि बाकांवरच्या बऱ्याच माना डोलल्या. मंदिरात मध्येच उठून बोलणे बरे दिसत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसलो, इथे लिहितो.

बायबलातल्या दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकाचा 11वा अध्याय उघडून सावकाश वाचावा. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीदाने सेनापती यवाबाला आणि सैन्याला अम्मोन्यांच्या राब्बा नगरावर, म्हणजे आजच्या जॉर्डनमधल्या अम्मानवर, पाठवले आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी बिछान्यावरून उठून गच्चीवर फिरत होता तो राजा; तिथून त्याला स्नान करणारी बथशेबा दिसली. बथशेबा गच्चीवर होती असे शास्त्र कुठेही म्हणत नाही; उलट ती नियमाप्रमाणे शुद्ध होत होती, एवढेच ते सांगते. राजाने चौकशी केली, तेव्हा "ती उरीया हित्तीची बायको" असे स्पष्ट उत्तर मिळाले. माझ्या मते पाप नजर गेली तेव्हा घडले नाही, ते हे उत्तर ऐकल्यावर घडले. कारण ती कोणाची कोण हे कळल्यानंतरच त्याने माणसे पाठवून तिला आणवले. या अध्यायात 'पाठवणे' हे क्रियापद पुन्हापुन्हा येते. सत्ता असलेल्या माणसाला पाप करायलाही स्वतः उठावे लागत नाही.

ती गरोदर राहिल्यावर, मूल नवऱ्याचेच वाटावे म्हणून, त्याने उरीयाला लढाईवरून बोलावून घेतले, इकडचीतिकडची विचारपूस केली आणि "घरी जा, पाय धू," असे म्हणून मागोमाग भेटही धाडली. उरीया घरी गेला नाही; राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. कराराचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी) आणि सगळे सैन्य तंबूत असताना मी घरी जाऊन खाऊपिऊ आणि बायकोजवळ निजू काय, असा त्याचा सरळ प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी त्याला दारू पाजूनही तो बधला नाही, तेव्हा दावीदाने यवाबाला पत्र लिहिले, की उरीयाला घनघोर लढाईच्या तोंडी ठेवून मागे सरा. आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. तो आपले मरण घेऊन राब्बापर्यंत गेला. त्याच्याबरोबर आणखीही काही शिपाई पडले. त्यावर राजाचा निरोप असा, की वाईट वाटून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला.

या निरोपातला सूर मला चांगला ओळखीचा आहे. काही वर्षांपूर्वी नोकरीत माझ्या हातून हिशेबात चूक झाली आणि तिचा ठपका हाताखालच्या एका मुलावर आला. मी तो येऊ दिला. त्याची बदली झाली, तेव्हा "नोकरीत असे चालायचेच" हे त्याची समजूत घालणारे वाक्य माझेच होते.

पुढच्या अध्यायात नाथान संदेष्टा येऊन गोष्ट सांगतो: गरिबाची एकुलती एक मेंढी, जी त्याच्या ताटातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई, आणि जिला शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी मारले. दावीद संतापून म्हणतो, त्याने चौपट भरून द्यावे. मेंढरामागे चार मेंढरे हा निर्गमाच्या पुस्तकातला नियम त्याला तोंडपाठ होता. दुसऱ्याच्या गुन्ह्याचे कलम आपल्यालाही झटकन आठवते. मग नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." या गोष्टीत मेंढीचा काय दोष होता, हे बथशेबेला बोल लावणाऱ्यांनी मला सांगावे.

दावीदाचे उत्तर मूळ इब्रीत अवघ्या दोन शब्दांचे आहे: परमेश्वराविरुद्ध मी पाप केले आहे. "मी पाप केले आहे" हे दावीदाआधीचा शौल राजाही म्हणाला होता, पण आधी "लोकांच्या भीतीने केले" अशी सबब सांगून, आणि नंतर "तरी वडील जनांसमोर माझा मान राख" अशी विनवणी जोडून. आपल्याकडची "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो" ही पत्रके शौलाच्या घराण्यातली आहेत. दावीदाने 'तर' जोडला नाही. मला पश्चात्ताप दिसतो तो तिथे, रडण्यात नव्हे.

क्षमा झाली, पण हिशेब मिटला नाही. बथशेबेचे ते मूल सातव्या दिवशी वारले, आणि बापाच्या पापापायी ते का जावे, याचे मला पटेल असे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. पुढे दावीदाचा मुलगा अबशालोम याने बंड केले, तेव्हा राजवाड्याच्या गच्चीवर तंबू ठोकून सर्वांदेखत तो बापाच्या उपपत्नींजवळ गेला.

51व्या स्तोत्रातली एक ओळ मात्र दरवर्षी म्हणताना माझी जीभ अडखळते: "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे." देवाविरुद्ध खरेच, पण मग उरीयाचे काय? स्तोत्रात त्याचे नाव नाही. ते सापडते दुसऱ्या शमुवेलाच्या 23व्या अध्यायात, राजाच्या शूर वीरांच्या यादीत. नावांमागून नावे येतात आणि अगदी शेवटी लिहिले आहे: उरीया हित्ती, एकूण 37.