खुलासा: बँक विलीन झाली म्हणजे सगळ्यांना नारळ मिळतो असं नाही

‘डबघाईला आलेली बँक दुसरीत विलीन झाली की जुन्या कर्मचाऱ्यांना नारळ, साताऱ्यात हेच झालं’ असा मजकूर मोबाइलवर फिरतोय. तो अर्धवट आहे. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर 2 सप्टेंबर 2006 रोजी निर्बंध आले आणि 3 ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. असं विलीनीकरण बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 खाली होतं. विलीनीकरणाच्या सरकारमान्य योजनेत ज्यांना वगळलेलं नाही ते कर्मचारी त्याच पगारावर, त्याच अटींवर नव्या बँकेत जातात. इतकंच नाही, शिक्षण-अनुभव सारखा असेल तर तीन वर्षांच्या आत त्यांना तिथल्या समकक्षांइतका पगार द्यावा लागतो.

मग गावाचं काहीच जात नाही? जातं की! मुख्यालय जातं. आयडीबीआयचा कारभार मुंबईतून चालतो. कर्जमंजुरी, हिशेब तपासणी, स्टेशनरीच्या ऑर्डरी असली कामं मुख्यालयामागे जातात. एकाच चौकात दोन शाखा झाल्या तर एकीला कुलूप लागू शकतं आणि हातात बदलीचा कागद येतो. कंत्राटी सुरक्षारक्षक, सफाई कामगार, कॅन्टीनवाला यांना तर हे संरक्षणच नाही, कारण कागदोपत्री ते बँकेचे नसून ठेकेदाराचे.