"हे कुणाच्या बाजूनं आलं?"

मुलाला जनुकीय आजार आहे असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न औषधाचा येत नाही. "हे कुणाच्या बाजूनं आलं?" असा येतो. सासरचे विचारतात, माहेरचे विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेली बाईसुद्धा विचारते. आणि आजार डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे बहुतेक मुलग्यांनाच होणारा, स्नायू हळूहळू झिजवणारा आजार असेल तर उत्तर तयारच असतं, कारण ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतो. झालं, सुनेवर शिक्का.

माझ्या चुलतबहिणीवर तो बसलाय. गोव्यात डिचोली तालुक्यात राहते, मुलगा आता अकरा वर्षांचा. चार वर्षांचा असताना जमिनीवरून उठायचा तेव्हा आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगाला धरून वर यायचा. पोटऱ्या मात्र भरदार. "पैलवान होतलो गे तुजो," म्हणून आमचेच लोक कौतुक करायचे. रक्त तपासलं तर एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम वाढलेलं, म्हणून काविळीचा झाडपाला सुरू झाला. हे एन्झाइम झिजणाऱ्या स्नायूंतूनही रक्तात येतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सीपीके ही स्नायूंची झीज दाखवणारी साधी रक्ततपासणी तेव्हाच झाली असती तर निदान किती आधी झालं असतं! देवळात कौल मात्र लगेच लावला. (माझं देवाशी भांडण नाही. पाकळी कुठल्या बाजूची पडली यावरून सुनेच्या माहेरचा दोष काढणाऱ्यांशी आहे.)

बरं, हा दोष विज्ञानाच्या हिशेबातही टिकत नाही. साधारण तीनातल्या एका मुलात जनुकातला बदल नव्यानं झालेला असतो, आईच्या रक्तात तो सापडतच नाही. आणि सापडला तरी आपली जनुकं काय तिनं बाजारातून निवडून आणली होती?

पण मला खरा राग येतो तो या प्रश्नामुळे घराघरांत जी तोंडं बंद होतात त्याचा. आई वाहक असेल, म्हणजे स्वतः सहसा आजारी नसून बदललेलं जनुक तिच्या अंगात असेल, तर तिच्या बहिणीही वाहक असू शकतात, मुलीही. वाहक बाईला मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे ही माहिती आधी बहिणींपर्यंत पोचायला हवी. आमच्या काकीनं काय केलं? धाकटीच्या सासरी कळता कामा नये म्हणून सगळ्यांना शपथा घातल्या. धाकटीनं शेवटी स्वतःच नवऱ्याला सांगितलं आणि तपासणी करून घेतली. ती वाहक नाही. सासूबाईंना कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मगे इतले दिस लिपयलें कित्याक?" (मग इतके दिवस लपवलं कशाला?) ज्या सासूच्या भीतीनं घर गप्प होतं, ती त्यातल्या त्यात शहाणी निघाली.

म्हणून माझं म्हणणं आहे की अशा कुटुंबाला आधार द्यायचा तर सुरुवात जनुकीय समुपदेशनापासून, म्हणजे आजार कसा येतो आणि आणखी कुणाला होऊ शकतो हे समजावून सांगण्यापासून व्हावी, आणि तेही एकट्या आईला समोर बसवून नव्हे. नवरा, सासू, मावश्या सगळ्यांना एकत्र बसवून, त्यांच्या भाषेत. इंग्रजी रिपोर्ट हातात देऊन "मुंबईला दाखवा" म्हणणं हे समुपदेशन नव्हे. गोवा लहान आहे, लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. बांबोळीचं मेडिकल कॉलेज बहुतेक गावांना दिवसात जाऊन-येऊन करण्यासारखं आहे. 2008 साली याच राज्यानं नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन चयापचयाच्या आजारांची तपासणी सुरू केली होती, तेव्हा देशात बाकी बऱ्याच ठिकाणी त्याचं नावही नव्हतं. तेव्हा आम्हाला झेपणार नाही, असं कुणी सांगू नये.

2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात 2022 मध्ये मदतीची मर्यादा 50 लाखांपर्यंत वाढवली, पण ती ठरावीक केंद्रांतूनच मिळते. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईत परळचं केईएम रुग्णालय. तिकडे जायचं तर थिवी स्टेशनात गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात मुलाला उचलून चढवायचं, मग चाकाची खुर्ची, मग पिशव्या. शिवाय हा पैसा उपचाराचा. संडासाचं दार रुंद करायला तो नाही, आणि मुलाला झोपेत स्वतःहून कूस बदलता येईना की आईला रात्रभर उठावं लागतं त्या जागरणालाही नाही.

शाळेची कथा वेगळीच. यंदा वर्ग वरच्या मजल्यावर गेला. तो खाली आणा म्हटलं तर "एका मुलासाठी?" असं उत्तर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी स्पष्ट लिहिलेली आहे, हे बहिणीनं छापून नेलं. त्यानं काम झालं नाही. झालं ते पालकसभेत दुसऱ्या एका आईनं उठून "माझ्या मुलाचा वर्ग खाली आला तर माझी काही हरकत नाही, कुणाची आहे?" असं विचारल्यावर. कुणाचीच नव्हती.

नातेवाइकांना एक विनंती. केरळचं तेल, अमक्या बाबाचा अंगारा, व्हॉट्सॲपवर आलेला चमत्कार, हे तिच्याकडे पाठवणं बंद करा. त्यापेक्षा रविवारी दोन तास मुलाजवळ बसा. त्याला कॅरम भारी येतो, तुम्हाला हरवेल. तेवढ्यात तिला बाजार करता येईल नाहीतर झोपता येईल.

बालवाडीच्या आणि प्राथमिकच्या शिक्षकांनो, वर्गात एखादा मुलगा सारखा पडत असेल, जिना कठड्याला धरून एकेक पायरी चढत असेल, मांड्यांवर हात टेकून उठत असेल तर त्याला आळशी म्हणू नका. घरच्यांना सीपीके करायला सांगा. आणि डिचोली-साखळीकडे कुणाच्या घरी वापरात नसलेली लहान मापाची चाकाची खुर्ची असेल तर मला इनबॉक्स करा, न्यायला मी येते.