‘माशांना कसली आलीय प्रतिकारशक्ती?’ – एक स्टार देणाऱ्या ताईंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून तीन गोल्डफिश नेले, पाच दिवसांत दोन गेले आणि तिसऱ्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले. अँटिबायोटिक मागितलं तर मी ते दिलं नाही, वर ‘त्याच्या पेशी लढतायत’ म्हणून भाषण ठोकलं. ‘माशांना कसली आलीय प्रतिकारशक्ती, माल खराब होता म्हणा ना सरळ!’

सरळच म्हणतो, चूक आमची. ते पांढरे ठिपके म्हणजे ‘व्हाइट स्पॉट’ रोग. त्याचा किडा कातडीत शिरल्यापासून ठिपका होऊन दिसेपर्यंत नाशिकच्या या थंडीत बरेच दिवस जातात. पाचव्या दिवशी ठिपके दिसले, म्हणजे लागण तुमच्या घरी येण्याआधीची. नवा लॉट आम्ही दोन आठवडे मागच्या टाक्यांत वेगळा ठेवतो. त्या शनिवारी गर्दीत आमच्या पोराने त्यातलेच मासे काढून दिले. तिन्ही माशांचे पैसे परत.

अँटिबायोटिक मात्र आजही देणार नाही. ते बॅक्टेरियावर चालतं आणि व्हाइट स्पॉट हा बॅक्टेरिया नाही, एकपेशीय परजीवी आहे. उलट फिल्टरमधले अमोनिया पचवणारे चांगले बॅक्टेरिया त्याने मरायचे.

आता भाषणाबद्दल. तुम्ही पिशवीत आणलेल्या माशाच्या शेपटीवर सायीसारखा थर होता, आठवतंय? तुम्ही बुरशी म्हणालात. तो त्याने स्वतः सोडलेला जास्तीचा बुळबुळीत थर होता. जंतू मारणारी द्रव्यं त्यात असतात, अँटिबॉडीसुद्धा (ठराविक जंतूला ओळखून चिकटणारी प्रथिनं) असतात. माशाची पहिली तटबंदी तीच. म्हणून मासा कोरड्या हाताने धरू नका म्हणून मी ओरडतो (तुमच्या मुलावर जरा जास्तच ओरडलो, त्याला सॉरी सांगा).

थर फाटला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. आमच्याकडचा तो पट्टेरी झेब्राफिश, मूळचा गंगेच्या खोऱ्यातला, त्याची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. शेपटीला कापलं की पेशी जखमेकडे कशा पळतात, हे शास्त्रज्ञ जिवंत पिल्लात मायक्रोस्कोपखाली बघतात. माशाच्या ‘बी पेशी’ नावाच्या पांढऱ्या पेशी तर अँटिबॉडी बनवतातच, शिवाय जंतू गिळतातही. ट्राउट माशात हे 2006 मध्ये दिसलं.

पण व्हाइट स्पॉटचा किडा गिळण्यासारखा नाही. तो वाढून एक मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे पांढऱ्या पेशीच्या शंभरेक पट लांब, आणि वर कातडीच्या आत दडलेला. तिथे औषधही पोचत नाही. औषध लागू पडतं ते त्याच्या पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. आत बसलेल्याला हुसकावतात त्या अँटिबॉडी. म्हणून यातून वाचलेल्या माशाला हा रोग सहसा पुन्हा धरत नाही. फक्त त्या तयार व्हायला आठवडे लागतात, आणि पाणी गार असेल तर आणखी उशीर. मासा थंड रक्ताचा, त्याच्या पेशीही पाण्याइतक्याच गार. तुमचा बाऊल खिडकीत आहे, हीटर नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही रोज सगळं पाणी बदलत होतात, तेही थेट नळाचं. क्लोरीनने कल्ले आणि तो थर दोन्ही भाजतात, मासा घाबराघुबरा होतो. माशाच्या हाडांत आपल्यासारखं रक्त बनत नाही. ते, पांढऱ्या पेशींसकट, बनतं मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकात, डोक्यामागे. ताण आला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं तेही त्याच जागेतून, आणि ते पांढऱ्या पेशींना दाबून टाकतं. चूल पेटवणारा आणि विझवणारा एकाच खोलीत! पाण्याचं हे विकतानाच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

तिसरा अजून असेल तर आजच हे करा. दिवसाआड पाव भागच पाणी बदला, अँटी-क्लोरीन टाकून. हीटर दुकानातून वापरायला घेऊन जा, पैसे नकोत. पाणी हळूहळू 25 अंशांपर्यंत न्या आणि एअर पंप चालू ठेवा. गरम पाण्यात किडा लवकर सुटून खाली पडतो, पिल्लं बाहेर येतात, तेव्हा औषधाचा उपयोग होतो. औषध मी मोजून देतो. ठिपके गेले म्हणून मध्येच बंद करू नका, किडा तेव्हा तळाशी गाठ करून बसलेला असतो.

मंगळवारी दुकान बंद असतं. बाकी कधीही या, येताना बाऊलमधलं बाटलीभर पाणी घेऊन या, अमोनिया तपासून देतो.