मावशीचा फॉरवर्ड आणि इलोइलोचं वर्तमानपत्र

मावशीचा नातू फिलिपिन्समध्ये इलोइलोला डॉक्टरकी शिकतोय. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "अरे, पोराला कुठल्या देशात धाडलंय आपण? तिथं म्हणे तीनशे वर्षं साधा पेपर नव्हता!" पाठोपाठ फॉरवर्ड आलाच. ब्रह्मोस तिकडे पोचल्यापासून फिलिपिन्सवरच्या 'अभ्यासपूर्ण' पोस्टींना ऊत आलाय, त्यातलाच हा एक. शेवटी हात जोडलेले आणि 'प्रत्येक भारतीयाने वाचावे'. म्हटलं, वाचूया.

पोस्टीत म्हटलंय ते थोडक्यात असं: स्पेनने ३३३ वर्षांत तिथे वर्तमानपत्र निघू दिलं नाही, पहिलं अमेरिकनांनी १८९८ साली काढलं. मनिलाबाहेर तर छापील बातमी कुणी पाहिलीच नव्हती. जे काही स्पॅनिशमध्ये छापलं गेलं ते गुलामांनी गुलामांसाठी, आणि म्हणूनच क्रांतीचा घात एका स्पॅनिश वर्तमानपत्राने केला. भारताकडून त्यांनी काही घेतलं असतं तर ही वेळ आली नसती.

पहिला मुद्दा एका दमात निकालात निघतो. मनिलात ८ ऑगस्ट १८११ ला सरकारी बातमीपत्राचा पहिला अंक निघाला. १८४६ ला 'ला एस्पेरान्सा' हे दैनिक आलं, १८४८ ला 'दियारिओ दे मनिला'. १८९८ साली निघालं ते इंग्रजीतलं 'मनिला टाइम्स'. इंग्रजीत नाही म्हणजे नाहीच, असं लेखकाला वाटत असेल तर आपला 'केसरी'ही त्याने खोडून टाकावा.

आता ही माहिती माझ्या पदरची नाही. वेन्सेस्लाओ रेताना नावाच्या स्पॅनिश माणसाने १८९५ साली माद्रिदमध्ये फिलिपिन्सच्या वृत्तपत्रांचा इतिहास छापला, १८११ पासून १८९४ पर्यंतचा. हा रेताना फिलिपिनो राष्ट्रवाद्यांचा तेव्हाचा कट्टर विरोधक. त्याचं लिखाण वाचून होसे रिझालने, म्हणजे फिलिपिन्सच्या राष्ट्रनायक कादंबरीकाराने, त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं. (पुढे त्याच रेतानाने रिझालचं जाडजूड चरित्र लिहिलं, तो भाग वेगळा.) नेटिवांची बाजू उजळ करण्यात त्याला काडीचा रस नव्हता, म्हणून त्याची यादी मला जास्त भरवशाची वाटते.

मनिलाबाहेर काही नव्हतं? १८८४ साली इलोइलोत 'एल पोर्वेनिर दे बिसायास' निघालं, बिसायास बेटांचं भवितव्य असा त्या नावाचा अर्थ. त्याच साली उत्तरेला विगानमध्ये 'एल एको दे विगान'. १८८६ ला सेबूत 'बोलेतिन दे सेबू'. इलोइलो इतक्या लवकर का, याचं उत्तर साखरेत आहे. १८५५ साली ते बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं, वर्षभरात निकोलस लोनी हा इंग्रज व्हाइस कॉन्सुल तिथे पोचला आणि समोरच्या नेग्रोस बेटावर उसाचे मळे पसरत गेले. जिथे भाव, जहाज आणि उधारी यांच्या चिंतेत झोपणारी माणसं असतात तिथे पेपर खपतो. मावशीचं सासर इस्लामपूरचं, तिला हे सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. ही वर्तमानपत्रं काही आगरकरांच्या बाण्याची नव्हती. १८५६ पासून मनिलात सेन्सॉरची कायमची समिती बसलेली, त्यात निम्मे आर्चबिशपने नेमलेले. सरकारविरुद्ध ओळ छापणं म्हणजे दुकान बंद करून घेणं. ज्यांना मोकळं लिहायचं होतं त्यांनी 'ला सोलिदारिदाद' १८८९ साली थेट बार्सेलोनाहून काढलं. तेही स्पॅनिशमध्येच, आणि 'गुलामांनी गुलामांसाठी' हे म्हणणं तिथेच फसतं. रिझालच्या कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये आहेत. विगानच्या इसाबेलो दे लोस रेयेसने १८८९ साली 'एल इलोकानो' काढलं, त्यात स्पॅनिश आणि इलोकानो या दोन्ही भाषा होत्या. बाळशास्त्रींचं 'दर्पण' मराठी-इंग्रजी होतं, टिळकांचा 'मराठा' तर निव्वळ इंग्रजी. मग ते कोणाचे गुलाम? इसाबेलोला १८९७ साली पकडून आधी मनिलात आणि मग बार्सेलोनाच्या मोंटजुइक किल्ल्यात डांबलं. निष्ठावंत गुलामांची अशी सोय सहसा कोणी करत नाही.

पण माझं डोकं फिरलं ते घाताच्या वाक्याने. इथे खरी गोष्ट अर्धवट उचलून उलटी टांगली आहे.

कातिपुनान ही आंद्रेस बोनिफासियोची गुप्त क्रांतिकारी संघटना. ऑगस्ट १८९६ मध्ये ती उघडकीस आली आणि धागा 'दियारिओ दे मनिला'च्या छापखान्यातून सापडला, इथवर बरोबर. पण घात वर्तमानपत्राने केला नाही. छापखान्यातले कामगारच कातिपुनानचे सभासद होते! त्यांपैकी तेओदोरो पातिन्योचं एका सहकाऱ्याशी भांडण झालं, पगारवाढीवरून असं म्हणतात. त्याने अनाथाश्रमात राहणाऱ्या बहिणीला सगळं सांगितलं, बहिणीला रडू फुटलं, तिथल्या प्रमुख जोगिणीने विचारपूस केली आणि प्रकरण मनिलातल्या तोंदोचे पाद्री मारिआनो हिल यांच्यापर्यंत गेलं. १९ ऑगस्टला ते स्वतः छापखान्यात घुसले आणि त्यांना कातिपुनानच्या पावत्या छापायचा शिळाछापाचा दगड सापडला. म्हणजे राजनिष्ठ दैनिकाच्या पोटात, मालकाच्या नाकाखाली, क्रांतीच्या पावत्या निघत होत्या. याला वर्तमानपत्राने केलेला घात म्हणायचं?

एवढंच नाही. कातिपुनानचं स्वतःचं 'कालायान' त्याच वर्षी निघालं, एकच अंक. पोलिसांना चकवायला वर पत्ता योकोहामाचा. त्याचं यंत्र घ्यायला पैसे दिले ते ऑस्ट्रेलियातून परतलेल्या, लॉटरी लागलेल्या दोघा बिसायन माणसांनी. पुढे पनाय बेटावर, म्हणजे इलोइलोच्याच बेटावर, संघटनेचं काम त्यांनीच नेलं. आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं? काही विकत घेतले, कमी पडले ते 'दियारिओ'च्या कामगारांनी तिथूनच लांबवले. ज्या खिळ्यांनी दिवसा गव्हर्नरांची स्तुती जुळली, त्यातलेच काही रात्री स्वातंत्र्याचा अंक जुळवायला गेले. हे सगळं पुसून 'स्पॅनिश पेपरने घात केला' एवढंच ठेवायला फार निबरपणा लागतो.

राहता राहिला भारत. १८११ च्या त्या पहिल्या अंकात बातम्या होत्या स्पेनच्या नेपोलियनशी चाललेल्या लढाईच्या, आणि त्या उतरवल्या होत्या बंगालहून आलेल्या इंग्रजी गॅझेटांतून. म्हणजे घेतलं होतं, बाबा, पहिल्याच दिवशी घेतलं होतं.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं, अर्धा तास. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ते सगळं असू दे. तिथं ऊस अजून होतो का?" होतो म्हटलं. "मग पोरगं बरं राहील," म्हणाली, आणि फॉरवर्ड पाठवणाऱ्या जावेला फोन लावायला उठली.