कुंपण नेमकं कुणासाठी? पंचवटीकर काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, त्यामुळे उत्तरही लांबणार. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लहान मुलं बुडू नयेत म्हणून फार्महाऊस आणि बंगल्यांतल्या स्विमिंग पूलला चारही बाजूंनी कुंपण हवं, असं मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की, हे परदेशी फॅड आहे. त्यांची पिढी पाठीला भोपळा बांधून विहिरीत आणि नाशिकच्या गांधी तलावात पोहायला शिकली. कंपाउंड वॉल तर सगळीकडे असतेच, आणि आयांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं तर कुंपण लागणारच नाही.

आधी भोपळ्याचं बघू. भोपळा बांधायचं ते पोर चांगलं सात-आठ वर्षांचं असायचं. काठावर मामा नाहीतर थोरला भाऊ उभा असायचा आणि पोर पाण्यात उतरणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मी लिहिलं ते दीड ते चार वर्षांच्या मुलांबद्दल, आणि ती पोहायला गेलेलीच नसतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९८०च्या दशकात घरच्या पूलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना झालेले अपघात तपासले होते. ६९ टक्के मुलं त्या वेळी पूलजवळ असतील असं घरात कुणाच्या मनातही नव्हतं. ७७ टक्के मुलं नजरेआड होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. आकडे परक्या देशाचे आहेत, मान्य. पण तीन वर्षांचं पोर दार सरकवून बाहेर कसं सटकतं, यात ॲरिझोना आणि गंगापूर रोड यांच्यात काय फरक असणार?

आता मोबाइल. तो बाजूला ठेवायलाच हवा, वादच नाही. पण पाच मिनिटं जायला मोबाइल लागतो कुठे? गॅस बारीक करायला आत जायचं, धाकट्याची चड्डी बदलायची, दारात आलेल्या डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगायचा. आणि पाहुणे असले की आणखी कठीण. धरणाजवळच्या व्हिलात बारसं आहे, वीस मोठी माणसं आहेत, म्हणजे पोरांकडे वीस जणांचं लक्ष आहे असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून बाप-लोकांनाही जाता जाता सांगते, प्रतिक्रियेत तुमचा उल्लेखच नाही. पाळी लावा. अर्धा तास एकाने फक्त पाण्याकडे बघायचं, हातात प्लेट नाही, गप्पा नाहीत, आणि उठताना पुढच्याला तोंडाने सांगून उठायचं.

शिवाय बुडणारं मूल हाका मारत नाही. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते वाकतं, तोल जातो आणि तोंड पाण्यात. ओरडायला आधी श्वास लागतो, तोच मिळत नसतो. दहा फुटांवर बसलेल्याला आवाज येईल या भरवशावर राहू नका.

कंपाउंड वॉलचा मुद्दा मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ती भिंत शेजारचं पोर आत येऊ देत नाही. आपलं पोर हॉलमधून येतं. त्र्यंबक रोडपासून इगतपुरीपर्यंत भाड्याने मिळणाऱ्या कितीतरी व्हिलांचे फोटो बघा: तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला हॉलची सरकती काच, काचेपलीकडे थेट पाणी. जुन्या दारांना वर कडी असायची, पोराचा हात पोचायचा नाही. या काचेची खिटी मोठ्यांच्या कमरेला, म्हणजे पोराच्या नाकासमोर. कुंपण हवं ते घर आणि पाणी यांच्या मधे.

तेही कसलंही नको. उंची निदान चार फूट, उभ्या पट्ट्यांमधली फट चार इंचांहून कमी. फाटक पाण्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि स्प्रिंगने आपोआप लागणारं, खिटी साडेचार फुटांवर. आपल्याकडे ग्रिलवाल्याला मोकळं सोडलं की तो वेलबुट्टी काढतो. दिसते छान, पण तिचं प्रत्येक पान म्हणजे पोराला पाय ठेवायला पायरी. आडव्या पट्ट्यांचंही तेच. आणि कुंपणाला टेकून प्लास्टिकची खुर्ची ठेवली असेल तर सगळा खर्च पाण्यात.

हा श्रीमंतांचा विषय आहे, असंही तुम्ही लिहिलंत. मग निफाड-सिन्नरकडच्या शेततळ्यांचं काय? त्यांचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतारावरून वर चढता येत नाही. तिथे तारेची जाळी तर हवीच, शिवाय काठाला पक्का बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर आणि एक फुगवलेली ट्यूब.

पोहायला लवकर शिकवा हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. फक्त शिकलेलं पोर आहे म्हणून फाटक उघडं ठेवू नका. दंडावरचे फुगे तर खेळणंच समजा.

एका गोष्टीवर मात्र स्पष्ट बोलते, कारण खाली दोघांनी तुमचं वाक्य उचलून धरलंय: 'बाहेर काढून उलटं धरायचं, पोट दाबायचं, पाणी निघतं.' कृपा करून असं करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. मूल श्वास घेत नसेल तर पाठीवर झोपवा, एकाने १०८ लावा, दुसऱ्याने लगेच तोंडाने श्वास देऊन छाती दाबायला सुरुवात करा. बुडलेल्याला श्वास देणं आधी, नुसती छाती दाबून भागत नाही. हे हाताने करून शिकावं लागतं, वाचून येत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की नातवाच्या वाढदिवसाला व्हिला बुक झालाय, आता रद्द करायचा का? नका करू. मालकाला आजच फोन करून दोन गोष्टी विचारा: हॉल आणि पूलच्या मधे फाटक आहे का, आणि सरकत्या दाराला वरून कुलूप लागतं का. दोन्हीला 'नाही' म्हणाला तर पूल नसलेली जागा मागा, किंवा केक हॉटेलात कापा. त्या व्हिलात गेलातच तर पोहणं संपल्यावर बॉल आणि रबरी बदकं पाण्यातून काढून गाडीच्या डिकीत टाका, नाहीतर दुपारी सगळे आडवे झाले की नातू ती आणायला जाईल.